भाताची उंची कोण ठरवते?

मराठी माणसाला तंजावर ठाऊक असते ते व्यंकोजीराजांमुळे, सरफोजीराजांनी जोपासलेल्या सरस्वती महालातील ग्रंथांमुळे आणि बृहदीश्वराच्या देवालयात १८०३ साली कोरविलेल्या प्रदीर्घ मराठी शिलालेखामुळे. तमिळ माणसाला तेच तंजावर भाताचे कोठार म्हणून ठाऊक असते. या दोन ओळखी परस्परांना परक्या नाहीत. भोसल्यांच्या राज्याचा वसूल मुख्यतः कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या साळीवरच उभा होता, आणि दरबारातील पंडितांचा व गवयांचा योगक्षेमही अखेर त्याच साळीतून चालत असे.

कावेरीचे पाणी कल्लणैच्या जुन्या बंधाऱ्यापाशी विभागले जाते. हा बंधारा परंपरेने करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेला आहे. तेथून फाट्याफाट्यांनी पसरत हे पाणी समुद्रापर्यंतचा सपाट प्रदेश भिजविते. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पुरे झाल्यापासून या पाण्याला तारखेचीही शिस्त आली. धरणात साठा पुरेसा असेल त्या वर्षी १२ जूनला दरवाजे उघडावेत असा रिवाज आहे. जूनमध्ये सुरू होऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणीला येणारे थोड्या मुदतीचे पीक म्हणजे कुरुवै. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत चालणारे लांब मुदतीचे पीक म्हणजे सांबा. कुरुवै निघाल्यावर त्याच शेतात लावले जाणारे दुसरे पीक म्हणजे ताळडी. महाराष्ट्रात दसऱ्याच्या सुमारास आभाळ निवळू लागते, तेव्हा तंजावरकडे ईशान्येचा मोसमी पाऊस सुरू होण्याच्या बेतात असतो. म्हणजे कुरुवैची लोंबी पिकून पिवळी झालेली, सांबाचे रोप अजून कोवळे, आणि पाऊस दारात उभा, अशी तेथील शेतकऱ्याची दरसालची अवस्था. अशा वेळी रोप किती उंच आहे, या प्रश्नावर त्याचे वर्षभराचे अन्न अवलंबून असते.

जुन्या साळी उंच होत्या. कित्येक माणसाच्या छातीला लागत. त्या उंचीला कारणही होते. पेंढा गुरांना लागे, छपराला लागे, आणि खाचरात पाणी थोडे चढले तरी उंच रोपाचा शेंडा वर राहत असे. अडचण उभी राहिली ती रासायनिक खते आल्यावर. नत्र मिळाले की उंच साळ आणखी उंच होते, लोंबी जड होते आणि एखाद्या वाऱ्यासरशी पीक आडवे होते. शेतकरी म्हणतात, भात लोळले. लोळलेल्या भाताचा दाणा नीट भरत नाही. लोंबी पाण्यात पडली तर दाण्यांना जागच्या जागीच मोड येतात. कापणीयंत्र अशा शेतात धड चालत नाही, आणि चिखलात वाकून विळ्याने कापण्यास मजुरी अधिक पडते. घातलेले खतच पिकावर उलटले, असा हा प्रकार होता.

१९६०-६१ मध्ये सघन कृषी जिल्हा कार्यक्रमासाठी देशातून जे पहिले सात जिल्हे निवडण्यात आले, त्यांत तंजावर होते. त्या वेळचा तंजावर जिल्हा मोठा होता. आजचे नागपट्टिनम, तिरुवारूर आणि मयिलादुतुरै हे जिल्हे त्यातूनच पुढे निघाले. कुंभकोणमजवळ अडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र होते. तेथे सिद्ध झालेली ‘एडीटी २७’ ही जात १९६० च्या दशकाच्या मध्यास कुरुवैच्या हंगामात झपाट्याने पसरली. ती कोइमतूरच्या ‘जीईबी २४’ या नामांकित भाताचा ‘नोरिन १०’ या जपानी भाताशी संकर करून मिळविलेली होती. येथे एक खुलासा केला पाहिजे. बुटक्या गव्हाच्या इतिहासात जी ‘नोरिन १०’ जात प्रसिद्ध आहे, ती गव्हाची, ही भाताची. जपानीत नोरिन म्हणजे कृषी व वने, आणि सरकारी केंद्रांतून निघालेल्या अनेक पिकांच्या जातींना हेच नाव क्रमांकासह मिळाले. नावातील हे साम्य योगायोगाचे असले, तरी गव्हाची ती जात पुढे याच कथेत पुन्हा भेटणार आहे.

खरोखर बुटका म्हणावा असा भात आला तो फिलिपाईन्समधून. लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ च्या नोव्हेंबरात ‘आयआर ८’ ही जात प्रसृत केली. ‘पेटा’ नावाची उंच साळ आणि तैवानकडील ‘डी-जिओ-वू-जेन’ ही बुटकी साळ यांची ती संतती. ती कंबरेएवढीच वाढे, खत पचवी आणि वाऱ्यात उभी राही. बुटकेपणा एकाच जनुकातून उतरतो, हे संकराच्या दुसऱ्या पिढीत उंच व बुटक्या रोपांचे तीनास एक प्रमाण पाहून शास्त्रज्ञांनी ओळखले होते. ते जनुक रोपात नेमके करते काय, हे मात्र २००२ पर्यंत कोणालाही ठाऊक नव्हते. भारतासह अर्ध्या आशियाने ३६ वर्षे ज्या गुणाचा भात खाल्ला, त्या गुणाचे कारण अज्ञात होते.

त्या कारणाचा माग एका रोगापासून लागतो. जपानातील भातशेतीत पूर्वीपासून काही रोपे भोवतालच्या रोपांहून एकाएकी उंच होत, फिकट व कृश दिसत, आणि बहुधा दाणा न धरताच मरत. शेतकरी त्यांना ‘बाकानाए’, म्हणजे मूर्ख रोप, असे म्हणत. हा रोग एका बुरशीमुळे होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळले होते. मद्रास इलाख्यातही १९३१ साली भाताच्या याच रोगाची नोंद झाली. १९२६ मध्ये तैवानात काम करणाऱ्या एइची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. ज्या द्रवात ही बुरशी वाढविली होती, तो द्रव गाळून, बुरशी पूर्णपणे काढून टाकून, त्याने निरोगी रोपांना दिला. रोपे तशीच वेड्यासारखी वाढली. वेड बुरशीच्या अंगात नसून तिने सोडलेल्या रसात आहे, हे त्यावरून ठरले. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता याने त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले आणि १९३८ मध्ये त्याचे स्फटिक मिळविले. महायुद्धामुळे ही वार्ता पाश्चात्त्य देशांत पोहोचण्यास उशीर लागला. १९५० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत त्यावर काम सुरू झाले, तेव्हा अधिकच आश्चर्याची गोष्ट उघडकीस आली. १९५८ मध्ये घेवड्याच्या जातीतील एका वनस्पतीच्या कोवळ्या बियांतच जिबरेलिन सापडले. म्हणजे बुरशी काही परके विष सोडीत नव्हती. वनस्पती स्वतःच्या वाढीसाठी जे द्रव्य कणाकणाने तयार करते, तेच ती बुरशी ओंजळीने ओतीत होती.

महाराष्ट्रातील बागायतदारास हे द्रव्य अपरिचित नाही. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाचे घड ज्या ‘जीए’च्या पाण्यात बुडवितात, ते हेच जिबरेलिन, त्याने घड मोकळा होतो आणि मणी वाढतो. कोकणात हापूसच्या कलमांना मोहोर यावा म्हणून बुंध्याभोवती जे ‘कल्टार’ घालतात, ते याच्या उलट कार्य करते. ते झाडाला जिबरेलिन तयारच करू देत नाही. एका ठिकाणी हे संप्रेरक वाढवून लाभ होतो आणि दुसऱ्या ठिकाणी रोखून.

संप्रेरक म्हणजे सजीवाच्या शरीरात अत्यल्प प्रमाणात निर्माण होऊन अन्य पेशींच्या वर्तनात बदल घडविणारे द्रव्य. अशा द्रव्याला स्वतःचे बळ नसते. ते पेशीचे अन्न नव्हे, इंधन नव्हे, विटा-माती नव्हे. पत्र कितीही निकडीचे असले तरी ज्या घरात ते वाचणारा कोणी नाही, तेथे त्याने काहीच घडत नाही. संप्रेरकाचे पत्र वाचणाऱ्या प्रथिनाला ग्राही म्हणतात. जिबरेलिनचे शंभराहून अधिक प्रकार आज माहीत आहेत, पण त्यांपैकी वनस्पतीची वाढ घडविणारे मोजकेच. बाकीचे या द्रव्याच्या घडणीतील अथवा मोडणीतील टप्पे होत. या मोजक्या प्रकारांना वाचणारा ग्राही कोठे असतो, याचा शोध अर्धशतक चालला. अनेकांचा कयास असा होता की, प्राण्यांच्या शरीरात इन्सुलिनचा ग्राही जसा पेशीच्या पृष्ठभागावर असतो, तसाच हाही असावा. पृष्ठभागावर तो सापडला नाही.

तो सापडला भाताच्याच एका रोगट दिसणाऱ्या रोपामुळे. जपानमधील नागोया विद्यापीठातील मियाको उएगुची-तानाका, माकोतो मात्सुओका आणि त्यांचे सहकारी भाताच्या बुटक्या रोपांचा अभ्यास करीत होते. बुटकी रोपे दोन प्रकारची असतात. काहींना वरून जिबरेलिन दिले की ती उंच होतात. त्यांना ते द्रव्य कमी पडत होते एवढाच त्याचा अर्थ. काहींना मात्र कितीही जिबरेलिन दिले तरी ती हलत नाहीत. अशाच एका रोपात जिबरेलिनची कमतरता तर नव्हतीच, उलट निरोगी रोपाच्या कित्येक पटींनी ते साठले होते. घरात पत्रांचा ढीग पडला होता आणि वाचणाराच नाहीसा झालेला होता. त्या रोपात कोणते जनुक बिघडले आहे हे शोधून त्यांनी ग्राही ओळखला. हा शोध २००५ साली प्रसिद्ध झाला. ‘जिबरेलिनला न जुमानणारे बुटके रोप’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्या ग्राहीला ‘जीआयडी-१’ हे नाव मिळाले. त्याचे मुख्य ठिकाण पेशीच्या अंतर्भागात, केंद्रकात आहे.

आता हा ग्राही करतो काय? प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, भाताच्या रोपाला वाढण्यासाठी ढकलावे लागत नाही. त्याला आवरून धरलेले असते. केंद्रकात एक प्रथिन वाढीच्या जनुकांवर अटकाव घालून बसलेले असते. वाढीची आज्ञा देणारी जी दुसरी प्रथिने आहेत, त्यांना ते जणू मनगटाला धरून ठेवते. या अटकाव करणाऱ्या प्रथिनांच्या कुळाला ‘डेला’ म्हणतात. पाच ॲमिनो आम्लांच्या एका ठराविक क्रमातील अक्षरांवरून हे नाव पडले. भातात या कुळातील असे प्रथिन मुख्यतः एकच आहे. ज्या रोपात ते बिघडते, ते रोप जिबरेलिन असो वा नसो, वाऱ्याच्या झुळकेने मोडेल इतके किडकिडीत वाढते आणि त्याला दाणा धरत नाही. मूर्ख रोपाचीच ही दुसरी आवृत्ती, फक्त बुरशीवाचून.

ग्राहीचा आकार २००८ मध्ये क्ष-किरणांच्या साह्याने स्पष्ट झाला. तो एखाद्या झाकणाच्या डब्यासारखा आहे. डब्यात एक खोल खळगा असून त्यात जिबरेलिनचा रेणू नेमका बसतो. तो बसला की प्रथिनाचे एक मोकळे टोक खळग्यावर येऊन झाकणासारखे मिटते. कुलूप आणि किल्ली ही उपमा अशा वेळी नेहमी दिली जाते, परंतु ती येथे अपुरी पडते. कारण किल्ली बाहेरून दिसते, आणि येथे जिबरेलिन झाकणाखाली पुरते झाकले जाते. महत्त्व येते ते मिटलेल्या झाकणाच्या वरच्या बाजूला. झाकण मिटल्यामुळे तेथे जो पृष्ठभाग तयार होतो, तोच डेला प्रथिनाला पकडतो. झाकण उघडे असेल तर ही बैठकच नसते. म्हणजे जिबरेलिन डेलाला स्पर्शही करीत नाही. ते ग्राहीला एक विशिष्ट आकार देते, आणि तो आकार डेलाला धरतो. धरलेल्या डेलावर मग पेशीतील अन्य प्रथिने एक खूण चिकटवितात. ही खूण लागलेले प्रथिन पेशीच्या मोडीच्या यंत्राकडे जाते आणि तेथे त्याचे तुकडे होतात. अटकाव नाहीसा झाला की वाढीची जनुके जागी होतात, पेरांतील पेशी लांबतात आणि रोप वर सरकते. जिबरेलिन कमी झाले की डेला पुन्हा साचते आणि रोप थांबते.

या ग्राहीचा पूर्वेतिहासही मोठा मनोरंजक आहे. त्याची ठेवण काही एंझाइमांसारखी आहे. ती एंझाइमे स्निग्ध पदार्थांतील आणि तत्सम रासायनिक बंध तोडतात. मात्र बंध तोडण्यास लागणारा एक घटक जीआयडी-१ मध्ये बदललेला असल्यामुळे त्याला तोडता काहीच येत नाही. जुन्या सुरीची धार काढून टाकावी आणि तिच्या पात्याच्या आकाराचा उपयोग करून घ्यावा, तसे निसर्गाने केलेले दिसते. ज्या वर्षी हा ग्राही सापडला त्याच वर्षी, २००५ मध्ये, ऑक्झिन या दुसऱ्या संप्रेरकाचा ग्राहीही निश्चित झाला. तेथेही अटकाव करणारे प्रथिन मोडण्याचीच तऱ्हा आहे. भेद इतकाच की तेथे संप्रेरक झाकले न जाता दोन प्रथिनांच्या मध्ये डिंकासारखे बसते.

हे सारे समजल्यावर तंजावरच्या बुटक्या भाताकडे पुन्हा पाहता येते. २००२ मध्ये असे दिसून आले की, ‘आयआर ८’ मधील जनुक जिबरेलिन तयार करण्याच्या मालिकेतील एका अखेरच्या टप्प्यावरच्या एंझाइमाचे आहे. ‘डी-जिओ-वू-जेन’ मध्ये या जनुकातील ३८३ अक्षरांचा तुकडा गळून पडलेला आहे. त्यामुळे एंझाइम निकामी होते, खोडात जिबरेलिन कमी पडते, डेला टिकून राहते आणि पेरे आखूड राहतात. ग्राही शाबूत, अटकाव शाबूत, पत्रे मात्र थोडी, अशी ही स्थिती. मग दाण्यावर परिणाम कसा होत नाही? भातात त्याच कामाचे दुसरेही एक जनुक आहे आणि ते फुलोऱ्याच्या भागात आपले काम चालू ठेवते. जिबरेलिन सर्वत्रच कमी झाले असते, अथवा ग्राहीच बिघडला असता, तर रोप ठेंगणे होऊन वांझही झाले असते. जनुकांच्या या जोडीमुळे उंची घटली आणि लोंबी वाचली. ज्यांनी बुटके रोप निवडले, त्यांना यातले काही ठाऊक नव्हते; त्यांनी उभे राहणारे आणि भरघोस दाणा देणारे रोप निवडले, इतकेच.

गव्हाने हीच उंची वेगळ्या वाटेने गाठली. गव्हाच्या ‘नोरिन १०’ मध्ये, आणि तिच्यापासून नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेल्या ज्या जाती १९६० च्या दशकात भारतात आल्या त्यांत, जिबरेलिन भरपूर आहे. तेथे डेला प्रथिनाचा जो भाग ग्राहीने धरावयाचा, तोच हरवलेला आहे. पत्र आले, वाचणाऱ्याने वाचले, पण अटकाव करणारा हाती लागत नाही. परिणाम एकच, आखूड काठी आणि जड ओंबी. पंजाबचा गहू आणि तंजावरचे भात यांच्या हरितक्रांतीचे कारण एकाच साखळीच्या दोन निरनिराळ्या कड्यांत दडलेले होते, हे कळण्यास तीन-चार दशके जावी लागली.

बुटक्या भाताने एक प्रश्न सोडविला आणि दुसरा तीव्र केला. ईशान्येचा पाऊस जोरात आला की तंजावरच्या सखल भागात आणि समुद्राकाठच्या तिरुवारूर-नागपट्टिनमकडे नुकती लावलेली सांबाची रोपे पाण्याखाली जातात. बुडालेल्या रोपात एथिलीन हा वायू साचू लागतो. हे वनस्पतीचे आणखी एक संप्रेरक. हवेत ते सहज निघून जाते. पाण्यातून त्याचे विसरण हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असल्यामुळे ते रोपातच कोंडते. त्याच्या ग्राहीची रीत आणखी निराळी आहे. हा ग्राही १९९३ मध्ये ओळखला गेला. तो वायू धरण्यासाठी तांब्याचा अणू वापरतो आणि वायू नसतानाच काम करीत असतो, वायू आला की थांबतो. सामान्य भातात एथिलीन कोंडले की रोप जिबरेलिनला अधिक प्रतिसाद देऊ लागते आणि पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी भराभर लांबते. पाणी दोन दिवसांत उतरले तर ठीक. ते दहा-बारा दिवस राहिले तर रोपाचा साठा संपतो, आणि पाणी ओसरल्यावर लांबलेले पोकळ रोप चिखलात आडवे होते. वाचण्याच्या धडपडीनेच ते मरते.

यावरचा उपाय ओरिसातील एका जुन्या साळीत सापडला. तिच्यातून निवडलेली ‘एफआर १३ ए’ ही जात पाण्याखाली सुमारे दोन आठवडे तग धरते. तिच्यातील ज्या जनुकामुळे हे घडते, ते २००६ मध्ये ओळखले गेले. एथिलीन कोंडले की हे जनुक जागे होते आणि डेला कुळातील प्रथिनांचे प्रमाण वाढविते. जिबरेलिन आणि ग्राही यांच्या जोडीने अटकाव मोडून काढावा, तो येथे अधिकच घट्ट होतो. रोप वाढत नाही, साठा खर्चत नाही, निश्चल राहते आणि पाणी उतरल्यावर नवे पान काढते. कावेरीच्या मुलखात सांबा हंगामात पेरली जाणारी ‘सीआर १००९’ ही लांब मुदतीची जात तमिळनाडूत पोन्मणी म्हणून ओळखली जाते. तिच्यात संकराने हे जनुक आणून ‘सीआर १००९ सब-१’ तयार करण्यात आली, आणि ती आता त्या भागातील शेतांत आहे. आसाम आणि बांगलादेशातील खोल पाण्याच्या भाताने मात्र उलट मार्ग पत्करला. पूर चढेल तसतशी त्याची पेरे लांबतात, कारण तेथे पाणी दोन आठवड्यांत उतरत नाही, महिनोन्महिने राहते. तंजावरच्या पाण्याला तो मार्ग उपयोगी नाही.

बुटकेपणाने सर्वांचेच समाधान झाले, असेही नाही. तमिळनाडूत पांढऱ्या पोन्नीचा तांदूळ खाणाऱ्यांच्या विशेष आवडीचा आहे. पोन्नी हे कावेरीचेच एक नाव. हा भात उंच वाढतो आणि सहज लोळतो. तरी तांदळाला मागणी असल्यामुळे शेतकरी तो धोका पत्करून लावतो. जिभेचा कौल संशोधन केंद्राच्या कौलाशी नेहमीच जुळत नाही.

राहिला प्रश्न लोंबीत येणाऱ्या मोडांचा. दाणा भिजला की त्यातील अंकुर जिबरेलिन सोडतो. दाण्याच्या कोंड्यालगतच्या थरात तोच ग्राही, तीच डेला आणि तोच अटकाव असतो. अटकाव सुटला की तो थर पिष्ट विरघळविणारे एंझाइम सोडतो, दाण्यातील पिठाची साखर होते आणि कोंब बाहेर येतो. जूनमध्ये शेतकऱ्याला हेच हवे असते. तरव्यासाठी तो बियाणे पाण्यात भिजवितो, ओल्या पोत्यात बांधून ठेवतो आणि पोते उबदार लागून मोड दिसले की समाधानाने पेरणीस निघतो. ऑक्टोबरात, कुरुवैची लोंबी उभी असताना पाऊस लागला, तर तेच मोड त्याचा माल मातीमोल करतात. दाण्याला हे मोड आवरण्यास लावणारे दुसरे संप्रेरक आहे, ॲब्सिसिक आम्ल. त्याचे ग्राही २००९ मध्ये सापडले. कुरुवैच्या भातात हे आवरणे काही आठवडे टिकावे, अशी भात सुधारणाऱ्यांची अपेक्षा असते. मात्र ते फार टिकले तर कुरुवैचेच ताजे बियाणे लगेच ताळडीसाठी पेरू पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या तरव्यात उगवण होत नाही. त्याला मग बियाणे पोटॅशियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात भिजवून त्याची झोप मोडावी लागते.